फॉरमॅट मारण्याआधी कोड वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १०चा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून सांगली-मिरज-कुपवाडच्या दुरुस्तीच्या दुकानांत एकाच तक्रारीचे संगणक येत आहेत. विंडोज ११चे अपग्रेड सुरू केले, मध्येच फसले, आता ना धड दहा ना धड अकरा. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: फॉरमॅट मारून टाका. आमच्या मते अर्धवट राहिलेल्या बहुतेक अपग्रेडना फॉरमॅटची गरज नसते. ते का फसले हे संगणकाने स्वतःच लिहून ठेवलेले असते, फक्त कुणी वाचत नाही. ते कसे वाचायचे आणि वाचल्यावर काय करायचे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी फॉरमॅटने काय जाते ते पाहू. फॉरमॅट करणारा माणूस डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स पेनड्राइव्हवर घेतो आणि सगळा डेटा घेतला असे समजतो. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र मूळ मांडणीत सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मध्ये, तिथे ‘पब्लिक’मध्ये, तिथे ‘टॅलीप्राइम’मध्ये आणि त्यातल्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये असतो. आत १०००० सारखी नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरे दिसतात. एकेक फोल्डर म्हणजे एकेका फर्मची पूर्ण वही. आकडे बघून कुणाला ती फालतू फाइल वाटते आणि हळदीच्या अडतीचा वर्षाचा हिशेब त्याच्याबरोबर पुसला जातो. फॉरमॅटआधी टॅलीचे लायसन्स सरेंडर करायचे असते, तेही राहून जाते आणि नव्या विंडोजवर ते चालू करताना खेटे घालावे लागतात.

दुसरा धोका नवा आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. विंडोज ११ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती कोऱ्या डिस्कवर टाकली आणि सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, तर पात्र संगणकावर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करणे, आपोआप चालू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. घाईत दुरुस्तीवाल्याने स्वतःचे खाते वापरून काम उरकले, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात गेली म्हणून समजा. वर्षभराने बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) काही बदलले की निळा पडदा ती की मागतो आणि तोवर तो मुलगा दुकान सोडून गेलेला असतो. असलेल्या विंडोजवरून केलेल्या अपग्रेडमध्ये हे एन्क्रिप्शन असे परस्पर सुरू होत नाही.

छापण्याच्या सोयीसाठी आज्ञा आणि कोड देवनागरीत देत आहोत. टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत आणि ‘/’ या प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडावी, ‘\’ या उलट्या रेघेआधी सोडू नये. प्रत्येक कोडच्या सुरुवातीला शून्य-एक्स असते, ते इथे गाळले आहे. आज्ञा चालवण्यासाठी स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करावी आणि ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. नुसते उघडले तर निम्म्या आज्ञा परवानगी नाही म्हणून परत येतात.

‘अर्धवट झाले’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. एकात संगणक ‘अनडूइंग चेंजेस मेड टू युवर कॉम्प्युटर’ असे दाखवून जुन्या विंडोजवर परत येतो. दुसऱ्यात पडदा एकाच टक्क्यावर तासन् तास थिजतो. तिसऱ्यात अपग्रेड पुरे होते, पण प्रिंटर, काटा, शेअर केलेले फोल्डर यांपैकी काहीतरी चालत नाही. आपण कुठे आहोत हे विंडोज आणि आर या कळा दाबून ‘विनव्हर’ टाइप केल्यावर कळते. बिल्ड (आवृत्तीचा क्रमांक) १९०४५ असेल तर विंडोज १०ची २२एच२, २२६३१ म्हणजे विंडोज ११ची २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२ आणि २६२०० म्हणजे २५एच२. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या ‘अबाउट’मध्ये विंडोज १० दिसले म्हणून घाबरू नये. विंडोज ११नेही रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या) उत्पादनाच्या नावात ‘विंडोज १०’ तसेच ठेवले आहे आणि जुनी सॉफ्टवेअरे तेच वाचतात. खात्री बिल्डवरूनच करावी.

अपग्रेड चार टप्प्यांत चालते. पहिला टप्पा जुन्या विंडोजमध्येच होतो: फाइली उतरवणे, जागा आणि सुसंगतता तपासणे. इथे वीज गेली तरी सहसा बिघडत नाही, पुन्हा सुरू करता येते. दुसऱ्या टप्प्यात संगणक एका छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये चालू होतो, जुने विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये सरकवतो आणि नवे मांडतो. तिसऱ्यात नवे विंडोज पहिल्यांदा उठते आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारी छोटी सॉफ्टवेअरे, बसवते. चौथ्यात वापरकर्त्याच्या सेटिंग आणि माहिती ओढून घेते. दुसऱ्या टप्प्यापासून पुढे वीज जाणे सर्वांत वाईट.

म्हणून यूपीएसचा हिशेब आधीच करावा. दुकानांत सर्रास दिसणाऱ्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. कागदावर ते ८४ वॉट-अवर होतात. संगणक आणि मॉनिटर मिळून शंभर वॉट ओढत असतील, तर अशा जोरात उपसल्यावर लेड-अॅसिड बॅटरी निम्मी ताकदसुद्धा देत नाही. बॅटरी नवी असेल तर पंधरा-वीस मिनिटे, दोन उन्हाळे काढलेली असेल तर पाच. साध्या हार्ड डिस्कवर हे शेवटचे तीन टप्पे मिळून तास-दीड तास सहज घेतात. यूपीएस दिवा लुकलुकला तर सावरण्यापुरता आहे, अपग्रेड पार पाडण्यापुरता नाही. अपग्रेड इन्व्हर्टरच्या लाइनवर करावे, आणि महावितरणने देखभालीसाठी वीज बंदची सूचना दिलेला दिवस सोडून करावे. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून.

आता कोड. अपग्रेड फसल्यावर एका रेघेने जोडलेले दोन कोड मिळतात. लोक पहिला लिहून घेतात आणि दुसरा सोडून देतात. दुरुस्तीला उपयोगी असतो तो दुसराच. त्याचा पहिला अंक टप्पा सांगतो: १ म्हणजे जुन्या विंडोजमध्ये, २ म्हणजे तात्पुरत्या विंडोजमध्ये, ३ म्हणजे नवे पहिल्यांदा उठताना, ४ म्हणजे दुसऱ्यांदा उठताना. पहिला कोड सी१९००१०१ असेल तर जवळजवळ नेहमी ड्रायव्हर दोषी. त्याच्यासोबत २००१७ असेल तर तात्पुरते विंडोजच उठू शकले नाही, म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर, बाहेरचे एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर किंवा जुना बायोस बघा. ३००१८ म्हणजे एखादे उपकरण सेटअपला उत्तरच देईना. ४००१७ असेल तर अँटिव्हायरसकडे पहिला संशय जावा. पहिला कोड ८००७००७० म्हणजे जागा नाही, सी१९००२०८ म्हणजे एखादे विसंगत सॉफ्टवेअर आडवे आले, सी१९००२०० म्हणजे संगणक किमान अटींतच बसत नाही. पहिला ८००७००१एफ आणि दुसरा ३०००डी असेल तर वापरकर्त्याची एखादी प्रोफाइल खराब आहे. पूर्वी काम सोडून गेलेल्या कारकुनाचे खाते तसेच पडलेले असते, ते डेटा काढून घेऊन पुसावे आणि पुन्हा लावावे.

पडद्यावरचा कोड निघून गेला असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या ‘अपडेट हिस्टरी’त बघावा. तिथेही नसेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज’, ‘लॉग्ज’, ‘सेटअपडायग’ या वाटेने जावे. सेटअप फसल्यावर मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे छोटे साधन आपोआप चालते आणि निकालाची फाइल तिथे ठेवते. ती नोटपॅडमध्ये उघडते आणि दोषी ड्रायव्हरचे नाव पुष्कळदा त्यात सरळ लिहिलेले असते. ज्यांना पूर्ण नोंदी वाचायच्या आहेत त्यांनी सी ड्राइव्हवरचे लपवलेले ‘डॉलर विंडोज डॉट टिल्ड बीटी’ हे फोल्डर उघडावे, त्यात ‘सोर्सेस’ आणि त्यात ‘पँथर’. ‘सेटअपएरर’ नावाची फाइल लहान असते, आधी ती वाचावी. परत फिरलेल्या अपग्रेडच्या नोंदी शेजारच्या ‘रोलबॅक’ फोल्डरमध्ये असतात. डिस्क क्लीनअप चालवले की हे सगळे पुसले जाते, म्हणून सफाई नंतर.

आपल्या भागात ड्रायव्हरची अडचण जास्त येते, कारण एकेका संगणकाला जोडलेल्या वस्तूच खूप असतात. सेवा केंद्रात अंगठ्याचे मशीन, डिजिटल सहीचे टोकन, वेबकॅम आणि दोन प्रिंटर. पतसंस्थेत पासबुक प्रिंटर. जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. अपग्रेडआधी कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि नेटची वायर सोडून सगळे उपटावे. प्रिंटर नुसता बंद करून भागत नाही, वायर काढावी. बाहेरचे अँटिव्हायरस ‘डिसेबल’ न करता काढून टाकावे. डिसेबल केले तरी त्याचे डिस्कजवळ बसलेले फिल्टर ड्रायव्हर चालूच राहतात. मधल्या काळात विंडोजचे स्वतःचे डिफेंडर आपोआप काम सांभाळते. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्येच असते, त्याला यात धक्का लागत नाही. अपग्रेड झाल्यावर टोकनचे सॉफ्टवेअर आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी लागणारे त्याचे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावी लागू शकते, एवढेच.

यातला एक प्रकार जरा थांबून सांगण्यासारखा आहे. दूध संकलन केंद्रावरचा वजनकाटा, फॅट मशीन किंवा अडत दुकानातला काटा संगणकाला जोडलेला असतो तो नऊ पिनांच्या सीरियल वायरने, आणि मध्ये असतो यूएसबीचा कन्व्हर्टर. अपग्रेड नीट पार पडते, सॉफ्टवेअर उघडते, पण वजनाच्या रकान्यात शून्य. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली पिवळा त्रिकोण दिसतो आणि शेजारी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असे वाक्य. याचा अर्थ कन्व्हर्टरमधली चिप जुनी किंवा नक्कल आहे आणि नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो आहे. काटा ठीक, विंडोजही ठीक. ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’ या वाटेने यादीत जुनी आवृत्ती दिसली तर ती निवडून काम चालते, पण पुढचे अपडेट आले की नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो. रोज पहाटे पाचला शेतकरी किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात तिथे हा खेळ परवडत नाही. नव्या चिपचा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्यावा.

नवा कन्व्हर्टर लावला तरी पोर्टचा नंबर बदलतो, पूर्वी कॉम ३ होता तो कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर अजून तिसऱ्याकडेच कान लावून बसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर दोनदा क्लिक करून ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अॅडव्हान्स्ड’ इथे जुना नंबर परत द्यावा. तिथे तो ‘इन यूज’ दाखवत असला तरी जुना कन्व्हर्टर काढलेला असेल तर घेता येतो. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) काट्यावर असेल तोच इथे हवा. २४००, ४८०० आणि ९६०० हे नेहमीचे. आकड्यांऐवजी चित्रविचित्र खुणा येत असतील तर वायर न बदलता आधी हा रेट तपासावा.

जागेचे सोपे आहे. मायक्रोसॉफ्टची अट ६४ जीबीच्या डिस्कची आहे, पण व्यवहारात सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे असल्याशिवाय सुरू करू नये. १२० जीबीच्या एसएसडीवर ही जागा बहुधा डाउनलोड्स फोल्डर आणि व्हॉट्सअॅपने आलेल्या फाइली खाऊन बसलेल्या असतात.

जागेचाच एक फसवा प्रकार मात्र आहे. सी ड्राइव्ह निम्मा रिकामा असतानाही ‘वी कुडन्ट अपडेट द सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ असा संदेश येतो, कधी ८००एफ०९२२ किंवा सी१९००१०४ हा कोड. इथे भरलेले असते ते संगणक सुरू करणारे, न दिसणारे १०० एमबीचे छोटे पार्टिशन. नव्या पद्धतीच्या जीपीटी डिस्कवर ते असे मोकळे करावे: अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय: /एस’, मग ‘वाय:’, मग ‘सीडी ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स’, मग ‘डेल *.*’ आणि विचारल्यावर वाय. ही सुरुवातीच्या पडद्याची फॉन्ट आहेत, ती गेल्याने काही अडत नाही आणि अपग्रेडला लागणारे थोडे एमबी सुटतात. शेवटची आज्ञा देण्याआधी कर्सरच्या डावीकडे ‘फॉन्ट्स’ हाच रस्ता दिसतो ना, ते दोनदा बघावे. एक पायरी वर उभे राहून तीच आज्ञा दिली तर संगणक उठणारच नाही.

कोड स्पष्ट काही सांगत नसेल तर जुने विंडोजच आतून दुखावले आहे असे धरून चालावे. पण त्याआधी डिस्कची तब्येत बघावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनात ‘कॉशन’ किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा दिसला तर अपग्रेडचा विचार तिथेच थांबवून डेटा काढून घ्यावा. मरायला टेकलेल्या डिस्कवर कुठलीच दुरुस्ती चालवू नये. डिस्क ठीक असेल तर ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’ देऊन रीस्टार्ट, मग ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’, आणि ते संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. क्रम असाच ठेवावा, कारण एसएफसी खराब फाइलींच्या जागी ज्या साठ्यातून चांगल्या आणते तो साठा डिझम दुरुस्त करतो. उलटे केले तर खराबच्या जागी खराब. डिझम पुष्कळदा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ उभे राहते. ती त्याची सवय आहे, खिडकी बंद करू नये.

उतरवलेल्या फाइलीच खराब असतील तर अपडेटचा साठा नव्याने करावा लागतो. ‘नेट स्टॉप’ने ‘डब्ल्यूयूएयूसर्व्ह’, ‘बिट्स’ आणि ‘क्रिप्टएसव्हीसी’ या तीन सेवा एकेक करून थांबवाव्यात. ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’चे आणि ‘सिस्टिम३२’मधल्या ‘कॅटरूट२’चे नाव बदलून मागे ‘ओल्ड’ लावावे आणि रीस्टार्ट करावे. विंडोज दोन्ही फोल्डर नवे बनवते. नाव बदलावे, पुसू नये. काही चुकले तर परतीची वाट राहते.

एवढ्यानेही अपडेटमधून जमेना तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून विंडोज ११ची आयएसओ (पूर्ण विंडोज सामावलेली एकच) फाइल घ्यावी, उजवी क्लिक करून ‘माउंट’ करावी आणि विंडोज चालू असतानाच आतले ‘सेटअप’ चालवावे. ‘चेंज हाऊ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स’मध्ये ‘नॉट राइट नाऊ’ निवडावे, म्हणजे निम्म्या वाटेत नेटने घात केला असे होत नाही. पुढे ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स’ हा पर्याय राखाडी होऊन बसला असेल तर तिथेच थांबावे. बहुतेक वेळा कारण भाषेचे असते. आपल्याकडच्या पुष्कळ संगणकांत मुळात ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असते आणि उतरवलेली आयएसओ अमेरिकन इंग्रजीची असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, सेटअपला दिसतो. ‘डिझम /ऑनलाइन /गेट-आयएनटीएल’ ही आज्ञा मूळ भाषा सांगते. ‘ईएन-जीबी’ असेल तर इंग्लिश इंटरनॅशनलची आयएसओ घ्यावी, ‘ईएन-यूएस’ असेल तर नुसत्या इंग्लिशची. हा पर्याय राखाडी असताना ‘बघू काय होतंय’ म्हणून पुढे जाणाऱ्यांची सॉफ्टवेअरे जातात.

संगणक विंडोज ११साठी पात्रच नसेल तर हा खटाटोप व्यर्थ. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढे, एएमडी रायझन २००० मालिका किंवा पुढे, ४ जीबी रॅम, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) या अटी आहेत. टीपीएम पुष्कळदा असते पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने दडलेले असते. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर विंडोज असेल तर आधी ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस’ने तपासावे, पास झाले तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ आणि नंतर बायोस यूईएफआयवर न्यावा. क्रम उलटला तर संगणक ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतो. तसे झाल्यास बायोस पुन्हा लेगसीवर (जुन्या पद्धतीवर) आणला की सगळे जागेवर असते, फॉरमॅटची गरज तेव्हाही नसते. चौथ्या-पाचव्या पिढीच्या यंत्रांवर अटींना बगल देऊन अकरा टाकून देणारे आहेत. तसे चालते, पण त्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या पिढीतल्या यंत्रांवर २४एच२ उठतच नाही, कारण विंडोजला लागणाऱ्या काही सूचनाच त्या प्रोसेसरला येत नाहीत. घरगुती संगणकांसाठी विंडोज १०ची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. जुन्या यंत्राने एवढे वर्ष काढावे आणि तोवर पैसे साठवावेत, हे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते.

पडदा थिजला असेल तर टक्क्यांकडे न बघता डिस्कच्या दिव्याकडे बघावे. दिवा अधूनमधून लुकलुकतो आहे तोवर हात लावू नये. तीन तासांत टक्का हलला नाही आणि दिवाही मेलेला असेल, तरच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबावे. बहुतेक वेळा संगणक स्वतःच मागे फिरतो. नाही फिरला तर सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आणि शेवटी ‘लेटेस्ट फीचर अपडेट’.

आणि तिसरा प्रकार, म्हणजे अपग्रेड झाले पण काम अडले. यात सध्या सर्वांत जास्त त्रास देते ते शेअर केलेले फोल्डर. एका संगणकावर टॅलीचा डेटा आणि बाकीचे दोघे नेटवर्कवरून तो उघडणार, पासवर्ड कुठेच नाही, अशी मांडणी गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत कितीतरी दुकानांत आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२पासून असा विनापासवर्ड, पाहुणा म्हणून होणारा प्रवेश बंद झाला आहे. अपग्रेड झालेला संगणक ते फोल्डर उघडत नाही आणि दोष अपग्रेडवर येतो. यावर ‘गेस्ट अॅक्सेस चालू करा’ असा उपाय सांगितला जातो, तो करू नये. ज्या संगणकावर डेटा आहे तिथे ‘हिशेब’ अशा एखाद्या नावाचे साधे वापरकर्ता खाते पासवर्डसह उघडावे, फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्यावी आणि इतर संगणकांवर एकदा तेच नाव-पासवर्ड टाकून ‘रिमेंबर’वर खूण करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

जुने बिलिंग सॉफ्टवेअर ‘डॉट नेट ३.५’ हा मायक्रोसॉफ्टचा पूरक भाग मागू लागले आणि ते घेताना ८००एफ०८१एफ कोड आला, तर माउंट केलेल्या आयएसओतूनच ते द्यावे: ‘डिझम /ऑनलाइन /इनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स३ /ऑल /सोर्स:डी:\सोर्सेस\एसएक्सएस /लिमिटअॅक्सेस’. आयएसओचे अक्षर डी नसेल तर जे असेल ते घालावे, आणि आयएसओ आपल्या बिल्डचीच हवी.

वेळेबद्दल एवढेच सांगतो की ३१ मार्चच्या तोंडावर, जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आगेमागे आणि हळदीचे सौदे भरात असताना अपग्रेड लावू नये.

दुरुस्ती करणाऱ्या आमच्याच बांधवांना एक विनंती आहे. संगणक घेताना पावतीवर दोन्ही कोड आणि बिल्ड नंबर लिहावा. फॉरमॅट अटळच असेल तर ‘पँथर’ फोल्डर आणि पब्लिकमधला डेटा आधी बाहेर काढावा आणि विंडोजचे खाते ग्राहकाचे स्वतःचेच घालावे. ग्राहकांनीही पावतीवर कोड नसेल तर मागावा.

अपग्रेड यशस्वी झाल्यावर जुन्यावर परत जाण्याची मुदत फक्त १० दिवसांची असते. नंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ आपोआप पुसले जाते. पासबुक प्रिंटर महिनाअखेरीलाच लागणार असेल तर दहा दिवसांत त्याची परीक्षा होणार नाही. म्हणून अपग्रेड झाल्या दिवशीच ‘डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०’ ही आज्ञा द्यावी, मुदत ६० दिवस होते. अकराव्या दिवशी दिली तर उपयोग नाही. आणि त्या काळात कुणी जागा करतो म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करू लागला, तर त्याचा हात धरावा.

कळावे,
आपले विश्वासू,
संगणक दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ,
सांगली